ग्लॉक १७ (पाचवी पिढी) : नळी चोख, ट्रिगर मात्र शिकावा लागतो

९×१९ मिमीचं काडतूस, ११४ मिमीची नळी, १७ काडतुसांचं मॅगझिन, रिकामं वजन ६३० ग्रॅमच्या आसपास. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये 'पी ८०' म्हणून घेतलेल्या पिस्तुलाचा सांगाडा अजून तोच आहे. २०१७ च्या पाचव्या पिढीत मुठीवरच्या बोटांच्या खाचा गेल्या आणि नळी नवी आली. 'गोळ्या डावीकडे खाली जातात' ही उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांची जुनी तक्रार मात्र या पिढीतही ऐकू येते. त्यात दोष क्वचितच पिस्तुलाचा असतो.

वाळूच्या पिशवीवर टेकवून चांगल्या काडतुसांनी २५ मीटरवर पाच गोळ्या सात-आठ सेंटिमीटरांत बसवणं या नळीला जड नाही. सर्व्हिस पिस्तुलाकडून याहून जास्त मागू नये. हातात धरल्यावर गोळ्यांचा हाच पसारा दुप्पट-तिप्पट होतो, तो ट्रिगरमुळे. ट्रिगर ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो आणि भरलेलं पिस्तूल नऊशे ग्रॅमच्या घरात. म्हणजे पिस्तुलाच्या अडीच-तीन पट जोर एका बोटाने लावायचा आणि तेवढ्यात माशी (पुढच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) हलू द्यायची नाही. माशी ते मागची खाच हे अंतर १६५ मिमी. माशी एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर भरकटते, २५ मीटरवर पंधरा.

ट्रिगरचा प्रवास साडेबारा मिमी, आणि त्यातला बराचसा मोकळा, स्प्रिंगसारखा हलका. या टप्प्यात आत दोन कामं चाललेली असतात: अर्धवट ताणलेला स्ट्रायकर (काडतुसावर ठोका देणारी पिन) आणखी मागे खेचला जातो आणि या पिनला अडवणारा सेफ्टी प्लंजर, म्हणजे छोटी खुंटी, वर ढकलला जातो. सुरुवातीला बोटाला लागणारी खरखर बहुधा या प्लंजरची असते, वापराने ती कमी होते. मग ट्रिगर अडतो. इथून कनेक्टर ही छोटी पट्टी ट्रिगर बारची (ट्रिगरला जोडलेल्या दांड्याची) शेपटी खाली दाबू लागते आणि जोर एकदम वाढतो. सुटण्याचा क्षण काच तडकल्यासारखा नाही. थोडा रेंगाळत, घरंगळत गेल्यासारखा. सिंगल अ‍ॅक्शन (घोडा आधीच ताणलेला असतो अशा) पिस्तुलाची सवय असेल त्याला तो चिकट वाटेल, आणि ते मत चुकीचं म्हणता येणार नाही. रीसेट (गोळी सुटल्यावर ट्रिगर पुन्हा तयार होतो ती जागा) मात्र फार छान आहे: जवळ, ठळक, 'टक्' असा आवाज कानाला आणि झटका बोटाला, दोन्ही.

डावीकडे खाली जाण्याचं कारण असं, की मोकळा टप्पा आणि अडण सलग एका हिसक्यात ओढली जाते आणि त्याबरोबर बाकीची बोटंही आवळतात. मोकळा टप्पा आधी संपवा, अडणीवर थांबा, मग जोर हळूहळू वाढवा. गोळी सुटल्यावर बोट पूर्ण सोडू नका, 'टक्' होईपर्यंतच पुढे न्या. सरावासाठी मॅगझिन काढून, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, मागे भक्कम भिंत धरून स्लाइडवर (नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) माशीच्या मागे नाणं आडवं ठेवा आणि ट्रिगर ओढा. नाणं पडलं तर चूक हाताची. पुन्हा ताणायला स्लाइड पूर्ण ओढावी लागत नाही, सेंटिमीटरभर पुरते. खूप सराव करणार असाल तर स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) वापरा. आणि हे पिस्तूल सफाईसाठी सुटं करताना ट्रिगर ओढावाच लागतो, त्यामुळे चेंबर तपासण्यात एकदाही आळस नको.

मूळ प्लॅस्टिकच्या साइट्स (माशी आणि मागची खाच) हा या किमतीच्या पिस्तुलातला खरा कंजूसपणा. खाच रुंद असल्याने नेम पटकन लागतो पण बारीक लागत नाही, आणि होल्स्टरमध्ये घासून त्या झिजतात. पैसे खर्च करायचेच असतील तर ते पोलादी साइट्सवर करा, ट्रिगरवर नाही. मागची साइट ६.१ ते ७.३ मिमी अशा वेगवेगळ्या उंचीत मिळते. ६.५ ची काढून ६.९ ची लावली तर २५ मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर वर लागते. पण आधी काडतूस बदलून पाहा: १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी सहसा ११५ ग्रेनच्या गोळीपेक्षा थोडी वर लागते. उघड्या शिशाच्या गोळ्या मात्र या आतून बहुकोनी असलेल्या नळीत नकोत. शिसं साचतं आणि दाब वाढतो.

हलका कनेक्टर टाकून ट्रिगर गोड होतो हे खरं आहे. स्पर्धेसाठी ठीक. सोबत बाळगायच्या पिस्तुलात मूळचाच ठेवावा, आणि भाग घासून चकचकीत करायचा मोह टाळावा: कोन बदलला की ड्रॉप सेफ्टीचा (पिस्तूल पडल्यावर गोळी न सुटण्याच्या सोयीचा) भरवसा गेला. खरखर वाटत असेल तर कनेक्टर जिथे ट्रिगर बारला टेकतो तिथे तेलाचा एकच थेंब द्या. स्ट्रायकरच्या पोकळीत तेल घालू नका. त्यात धूळ-काजळीचा लगदा होतो, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टिकलीवर) ठोका हलका पडतो, आणि मग दोष काडतुसावर ढकलला जातो.