१३७ ब्लॉग आणि एक फीड रीडर निवडताना झालेली फरफट

आधी कबुली देऊन टाकते, माझ्या यादीत १३७ ब्लॉग आहेत. त्यातले तीसचाळीस तर मेल्यातच जमा, शेवटची पोस्ट टाकून वर्षं लोटलीत, पण यादीतून काढवत नाहीत. कारण एकाने तीन वर्षं गप्प बसून मध्येच एके दिवशी पोस्ट टाकली आणि ती सकाळी आपोआप माझ्यापुढे हजर, मला कुणी सांगावं लागलं नाही की शोधावं लागलं नाही. सोशल मीडियावर ही पोस्ट कधी आली कधी गेली कळलंही नसतं. आरएसएस (वेबवालं बरं का, १९९९ सालचं, भलता अर्थ घेऊ नका) मला आवडतं ते यासाठी: ब्लॉग आपल्या नव्या पोस्टींची यादी, म्हणजे फीड, ठेवतो आणि फीड रीडर नावाचं ॲप ती वाचून पोस्टी माझ्यापुढे आणतं.

गूगलचा फीड रीडर, गूगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हापासून माझं बिऱ्हाड पाठीवर आहे. यावेळी ठरवलं की नीट बसून, वापरून बघून एकदाचं काय ते ठरवायचं. दोन महिने गेले त्यात.

लोक पहिलं काय बघतात, तर दिसायला कसं आहे, डार्क मोड आहे का. मीही तेच बघायचे. आता माझा पहिला प्रश्न वेगळाय: नवीन पोस्टी आणायला जातं कोण? तुमचा फोन/कॉम्प्युटर स्वतः, की कुठला तरी चोवीस तास जागा असलेला सर्व्हर? हे क्षुल्लक वाटतं पण सगळी गोम इथेच आहे, कारण ब्लॉगच्या फीडमध्ये सगळ्या पोस्टी नसतात, फक्त शेवटच्या काही असतात, वर्डप्रेसमध्ये तर सेटिंग बदललं नाही तर दहाच. म्हणजे रोज लिहिणारा ब्लॉगर असेल आणि तुमचं ॲप तीन आठवडे उघडलंच नाही तर एकवीसपैकी शेवटच्या दहा मिळतात, आधीच्या अकरा फीडमधून खाली घसरून गेलेल्या असतात आणि ॲप म्हणतं सगळं अपटुडेट आहे.

माझं असंच झालं. एक साधं डेस्कटॉपवालं ॲप होतं, छान होतं, महिनाभर कॉम्प्युटर बंद राहिला, परत आले तर एका आवडत्या माणसाची लेखमालाच्या लेखमाला गायब, भाग ९ पासून सुरू! मला वाटलं त्यानेच मधले भाग उडवले. त्याला मेल लिहायला बसले होते, लिहिला नाही हे नशीब. ॲपचा दोष म्हणाल तर काहीच नाही, ते बिचारं झोपलेलं होतं.

तर दहापंधरा ब्लॉग असतील आणि कॉम्प्युटर रोज उघडत असाल तर फार डोकं लावूच नका, थंडरबर्ड मेलसाठी असेलच तर त्यातच फीड टाका, चालतंय. (फायरफॉक्समध्येही पूर्वी फीड दाखवणारे लाइव्ह बुकमार्क्स होते, २०१८ च्या शेवटी काढून टाकले, अजून हळहळते मी.) ॲपलवाल्यांसाठी नेटन्यूजवायर आहे, २००२ पासूनचा, फुकट, ओपन सोर्स, जाहिराती नाहीत, आणि इतका चपळ की बाकीचे ॲप्स त्यापुढे दमेकरी वाटतात.

यादी मोठी असेल तर मात्र सर्व्हरवालंच घ्या. इथे फुकट प्लॅनमध्ये किती फीड मावतात हा हिशोब येतो. फीडली १०० घेतो आणि फोल्डर तीनच देतो, द ओल्ड रीडरही १०० च, न्यूजब्लर ६४, इनोरीडर १५०. माझे १३७ म्हणजे इनोरीडरमध्ये कसेबसे बसले, वर तेरा जागा शिल्लक, तेव्हा नवीन ब्लॉग आवडला की आधी विचार करायचे याला एक जागा द्यावी का. फीडली दिसायला सगळ्यात नीटनेटका आहे, नवख्या माणसाला मी तोच हातात देईन. पण त्याचा रोख हल्ली कंपन्यांसाठी बातम्या गोळा करण्यावर जास्त आहे आणि मला ते नकोय, मला पन्नास माणसांची निवांत बडबड वाचायचीय.

न्यूजब्लरमध्ये एक भारी प्रकार आहे. हा लेखक आवडतो, हा टॅग आवडत नाही, शीर्षकात अमुक शब्द असला तर नको, असं शिकवत जायचं आणि मग तो पोस्टी हिरव्या-लाल करून दाखवतो, लाल लपवूनही टाकता येतात. दिवसाला पन्नास पोस्टी ओकणाऱ्या साइटसाठी हे वरदानच. महिन्यातून एकदा लिहिणाऱ्या ब्लॉगरसाठी याचा उपयोग शून्य, त्याचं मला सगळंच वाचायचं असतं.

शेवटी मी काय केलं? फ्रेशआरएसएस, म्हणजे आपल्याच मशीनवर चालवायचा सर्व्हरवाला रीडर. जुना लॅपटॉप पडून होता त्याच्यावर टाकलं. पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) चालत असेल तिथे हे चालतं, डेटाबेस म्हणून साधं एसक्यूलाइटही पुरतं. मिनीफ्लक्सही बघितलं, ते आणखी आटोपशीर आहे, पण त्याला पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस लागतो आणि तेवढ्यासाठी तो मांडायचा मला कंटाळा आला. एकाच ठिकाणी अडाल: ठरावीक वेळाने आपोआप फीड आणायला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा टायमर) लावावा लागतो, तो विसरलात तर पुन्हा तेच झोपलेल्या ॲपचं रडगाणं. मी विसरले होते. दोन दिवस.

आणि गंमत बघा, गूगल रीडर जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याची एपीआय (ॲपने सर्व्हरशी बोलायची पद्धत) जिवंत आहे. फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स दोन्ही तीच बोली बोलतात, म्हणून मागे सर्व्हर आपला आणि पुढे वाचायचं ॲप हवं ते असं जमतं. मी फोनवर रीड यू आणि विंडोजवर फ्लुएंट रीडर लावलंय, नेटन्यूजवायरही फ्रेशआरएसएसला जोडता येतो. एका ठिकाणी वाचलेलं दुसरीकडे वाचलेलंच दिसतं. फोनवर एक ॲप यात बाद केलं ते निव्वळ देवनागरीमुळे, ओळी इतक्या चिकटून की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकायचा. डेमोच्या चित्रात कायम इंग्रजी असतं त्यामुळे हे कळत नाही, एखादी लांब मराठी पोस्ट उघडून बघितल्याशिवाय ॲप पक्कं करू नका.

अर्ध्याच पोस्टी देणारे ब्लॉग हा आणखी एक ताप. दोन ओळी आणि पुढे "अधिक वाचा". बऱ्याच रीडरमध्ये मूळ पानावरून पूर्ण मजकूर ओढायची सोय असते, फ्रेशआरएसएसमध्ये त्या पानातल्या मजकुराच्या भागाचं सीएसएस नाव (पानाच्या कोडमधली त्या भागाची खूण) द्यावं लागतं, एकदा खटपट मग सुख. सगळ्या ब्लॉगवर जमतंच असं नाही.

फोल्डर मी आधी विषयाने केले होते, मोडले. आता वेगाने केलेत: क्वचित लिहिणारे, आठवड्याला लिहिणारे, आणि गर्दी. क्वचितवाले सगळे वाचते, जुनी पोस्ट आधी या क्रमाने. गर्दीच्या फोल्डरवर दर रविवारी डोळे मिटून "सगळं वाचलं" दाबते, आणि अनरीडचा आकडा तर सेटिंगमधून बंदच केलाय, १,२०० असा लाल आकडा बघितला की वाचायची इच्छाच मरते.

रीडर कुठलाही घ्या, पहिल्याच दिवशी ओपीएमएल एक्सपोर्टचं, म्हणजे आपली यादी फाइलमध्ये बाहेर काढायचं बटण शोधून ठेवा. नाही सापडलं तर तिथूनच मागे फिरा. साधी टेक्स्ट फाइल असते, त्यात ब्लॉगांचे पत्ते आणि फोल्डर येतात. स्टार केलेल्या पोस्टी मात्र सहसा येत नाहीत, हे मला एका घर बदलण्यात कळलं, चारेकशे स्टार तिथेच राहिले. आता आवडलेली पोस्ट मी स्टार करतच नाही, सरळ वेगळी सेव्ह करते.

सर्व्हरबिर्व्हर नको असेल तर इनोरीडर घ्या. हौस असेल आणि जुना लॅपटॉप धूळ खात असेल तर फ्रेशआरएसएस. आणि हो, हे टाइप करता करता क्वचितवाल्या फोल्डरमध्ये एक पोस्ट आलीय, मी निघते.