लेबलवर २० एएच, आत चार: सायकलला दुसरी बॅटरी जोडताना होणारी फसवणूक

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या एका दूधवाल्याची इलेक्ट्रिक सायकल. मोटर २५० वॅटची, बॅटरी ३६ व्होल्ट १० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप). कॅन लादून जेमतेम २५-३० किलोमीटर जाणारी. दोन्ही वेळचं दूध घालायचं तर ते पुरेना, म्हणून दुसरी बॅटरी जोडायचं ठरलं. जोडणाऱ्याने निळ्या पीव्हीसी वेष्टनातला, '३६ व्होल्ट २० एएच' असं स्टिकर लावलेला पॅक साडेनऊ हजारांत दिला. मूळ बॅटरीची वायर कापून वाय जोड मारला, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडल्या, आणि मीटरवर ४१.८ व्होल्ट दाखवले. 'काही व्हणार नही भाऊ, फुल पॉवर शे.' महिनाभरात नवा पॅक बंद पडलाच, पण चांगली चालणारी मूळ बॅटरीसुद्धा घेऊन गेला.

मीटरवरचा आकडा खरा होता, आणि फसगत नेमकी तिथेच होते. लिथियम-आयनचे दहा सेल एकापुढे एक जोडून पूर्ण चार्ज केले की ४२ व्होल्टच्या आसपास दिसणारच, मग ते नवे असोत की जुन्या लॅपटॉपमधून उपटलेले. व्होल्टेजवरून पॅक किती भरलाय ते कळतं, त्यात किती मावतं ते कळत नाही. तरी बहुतेक दुकानांत गिऱ्हाइकाला मीटर तेवढा दाखवतात.

हा पॅक उघडला तेव्हा आत ३० सेल निघाले, दहाच्या तीन रांगा. नवं वेष्टन फाडल्यावर खालचे रंग वेगवेगळे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे भंगारातले सेल. एकेकात सुमारे १४०० एमएएच (१००० एमएएच म्हणजे १ एएच) उरलेले. तीन रांगांचे मिळून ४.२ एएच, म्हणजे साधारण १५० वॉट-अवर (व्होल्ट गुणिले एएच). लेबलप्रमाणे हवे होते ७२०. लादलेल्या सायकलला किलोमीटरमागे १२ वॉट-अवर धरले, तर साठ किलोमीटरच्या जागी बारा-तेरा.

ही लबाडी घेतानाच पकडता येते, साध्या तराजूवर. १८६५० आकाराचा सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. २५०० एमएएचच्या सेलांतून २० एएच करायला दहाच्या आठ रांगा, ८० सेल लागतात, म्हणजे नुसते सेलच पावणेचार किलोच्या आसपास. महागडे ३५०० चे वापरले तरी ६० सेल, जवळजवळ तीन किलो. वरचा पॅक दोन किलोसुद्धा भरत नव्हता. मात्र वजन भरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पॉवर बँकेत वाळू भरण्याची युक्ती जुनी आहे, ती इथेही चालते. शिवाय १८६५० सेलवर ५००० किंवा ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर पुढे काही विचारायचीही गरज नाही, या आकारात एवढा सेल बनतच नाही.

खरी परीक्षा लोडवर. नवा पॅक एकटाच सायकलला लावा, पूर्ण चार्ज करा आणि कॅन लादून उड्डाणपुलाचा चढ चढताना मीटर बघा. १० एएचचा धड पॅक ८ अँपिअर खेचताना एक-दीड व्होल्ट पडतो. चार-पाच व्होल्ट पडत असेल तर सेल थकलेले आहेत, किंवा लेबलच्या मानाने थोडे आहेत. यावर समाधान नसेल तर मधे डीसी वॉटमीटर टाकून एकदा पूर्ण पॅक उतरवा. १० एएचच्या पॅकने सव्वातीनशे वॉट-अवर तरी द्यायला हवेत.

दुसरी लबाडी बीएमएसची (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, सेल जास्त चार्ज किंवा जास्त रिकामे होऊ न देणारी सर्किटची पाटी). या पॅकमध्ये ती पाटी होती, पण फक्त चार्जिंगच्या वाटेवर. मोटरकडे जाणारी ऋण वायर सेलांपासून थेट बाहेर काढलेली. कारण सरळ आहे. बीएमएस स्वस्तातली, कमी अँपिअरची, चढावर ती ट्रिप झाली असती आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दारात आलं असतं. बायपास केल्यावर तक्रार येत नाही, पण सेल अडीच व्होल्टच्याही खाली पिळले जातात. इतक्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करताना आतून शॉर्ट होण्याचा, पेटण्याचा धोका असतो.

मूळ बॅटरी मात्र वाय जोडामुळे गेली. ती अर्धी उतरून ३६.५ व्होल्टवर होती, नवा पॅक ४१.८ वर. फरक ५.३ व्होल्ट. दोन्ही पॅक, वायर आणि कनेक्टर मिळून अडथळा पाव ओहमपेक्षा जास्त नसतो, म्हणजे जोडताक्षणी वीसेक अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट मूळ बॅटरीत उलटा घुसतो. तिचा स्वतःचा चार्जर २ अँपिअरचा! तिची बीएमएस जळाली यात नवल नाही. वायर कापलेली असल्याने कंपनीने वॉरंटीही नाकारली.

दोन पॅक कायमचे समांतर ठेवायचे तर रसायन एक, मालिकेतले सेल तेवढेच, आणि जोडताना व्होल्टेजचा फरक ०.१ च्या आत हवा. लिथियम आयर्न फॉस्फेट आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दोन रसायनांच्या पॅकची जोडी लावूच नये. नाहीतर मधे दोन बॅटऱ्यांचा डायोड-कंबाइनर घाला, त्यातून एका पॅकचा करंट दुसऱ्यात जात नाही. तो लावला की चार्जिंग मात्र प्रत्येक पॅकचं वेगळं करावं लागतं. बिनखर्चाचा उपाय म्हणजे थांबून एक प्लग काढायचा, दुसरा लावायचा. आमचं मत विचाराल तर दूधवाल्याला तेवढंच पुरे. घरातला एसीचा स्विच मधे टाकू नका, डीसीत ठिणगी तुटत नाही, स्विचच्या आतले संपर्काचे पत्रे चिकटतात. प्रत्येक पॅकला स्वतंत्र फ्यूज हवा, पण गाड्यांचा नेहमीचा ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टचा असतो, ५८ व्होल्टचा मागून घ्या. आणि 'सिरीजमध्ये जोडतो, स्पीड डबल' म्हणणाऱ्याकडून सायकल परत घ्या. पूर्ण चार्ज दोन पॅक म्हणजे ८४ व्होल्ट, ३६ व्होल्टच्या कंट्रोलरचे कपॅसिटर त्यात फुटतात.

बिलावर एएचसोबत वॉट-अवर, सेलची कंपनी, सेल किती गुणिले किती, बीएमएस किती अँपिअरची, हे लिहून मागा. लिहून देत नसेल तर तिथेच कळलं. जीएसटी नंबर पोर्टलवर तपासता येतो. लेबलवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघा, दुसऱ्याच वस्तूचा निघू शकतो.

फसलात तर पॅक स्वतः उघडू नका. धोका आहेच, शिवाय 'तुम्हीच बिघडवला' म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. लेबल, तराजूवरचं वजन आणि वॉटमीटरचा आकडा यांचा एकसंध व्हिडिओ काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जो आपला जिल्हा असेल तिथल्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. विक्रेता सुरतचा असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

तोवर संशयित पॅक चार्जिंगला लावू नका, आणि कापूस रचलेल्या खोलीत तर ठेवूच नका. बहुतेक सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि मे महिन्यात भुसावळला दुपारी पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. चांगला पॅकही त्या दिवसांत पहाटेच चार्ज करावा.