डीसीएस की वॉर थंडर?

भाचा सोलापूरच्या सात रस्ता चौकातून फोन करतो, "मामा, कुठलं टाकू?" दोन्ही कॉम्प्युटरवरचे लढाऊ विमानांचे गेम.

सुरुवात दोन्हीकडे फुकट. डीसीएसमध्ये सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानं मिळतात, बाकी बहुतेक विमानं विकत. वॉर थंडरमध्ये पैसे वाचवलेस तर वेळ मोजावा लागतो, वरची जेटं लवकर हाती येत नाहीत.

खरेपणात डीसीएस पुढे. ए-१०सी हे विमान सुरू करायचं तर बॅटरी, एपीयू (छोटं सहायक इंजिन), मग एकेक मुख्य इंजिन. चाकं हलेपर्यंत चहा गार. वॉर थंडरमध्ये माउस फिरवला की विमान वळतं. रणगाडे मात्र तिथलेच भारी: गोळा चिलखत फोडून आत कोणाला लागला, तेही दिसतं.

डीसीएसला रॅम आणि एसएसडी दणकून लागते. सोलापूरच्या मे महिन्यात साधा लॅपटॉप नुसता भट्टी होतो.

कॉलेजनंतर तासभर मित्रांसोबत खेळायचं तर वॉर थंडर. जॉयस्टिक घेऊन एकच विमान शिकत बसायचं असेल, तर डीसीएस.