मोजून कमी करायचं की पायरी धरून थांबवायचं?

निदान झालेलं आहे, ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यांच्यापायी त्याच त्या कृती करायला लावणारा आजार, काय असतो हे तुम्हाला आता कोणी सांगायची गरज नाही, आणि नात्यातल्या एखाद्या आत्याने 'मंत्रचळ लागलाय याला' असं म्हणूनही झालं आहे. उरतो प्रश्न कृतींचा. विचार येतात ते येतात, पण त्यांच्यापायी शेगडीचं बटण पुन्हा पुन्हा बघणं, कुलूप ओढून पाहणं, हात धुत राहणं हे सुटायचं कसं? सल्ला देणारे साधारण दोन प्रकारचे भेटतात. काही म्हणतात, सावकाश घ्या. आज दहा वेळा बघताय, पुढच्या आठवड्यात आठ, मग सहा. बाकीचे म्हणतात, भीतीची शिडी करा, सर्वांत खालची पायरी निवडा आणि त्या पायरीपुरती कृती पूर्ण बंद. ती जमली की वरची. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझा त्रास मुख्यतः गॅस आणि कुलपाचा, थोडा हात धुण्याचा. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलंय, हे धरून वाचा.

आधी सावकाशीच्या वाटेबद्दल, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि त्यात गैर काही नाही. ती भीतीदायक वाटत नाही, हा तिचा मोठा गुण. दहाचे आठ करायला कोणाचीही छाती होते. घरच्यांनाही पटते. फ्रिजवर तक्ता लावला, रोज आकडा लिहिला, आठवड्याअखेर आकडा उतरलेला दिसला की घरात जरा मोकळं वाटतं. माझाही आकडा सुरुवातीला छान उतरला. ज्याला आपण काही करू शकतो यावरच विश्वास उरलेला नाही, त्याला हे पहिलं यश फार मोलाचं असतं.

मग आकडा एका जागी अडला, आणि मला या पद्धतीचा खरा वैताग तिथे कळला. वैताग मोजणीचा. तक्ता भरायचा म्हणजे मोजायला हवं, आणि मोजणं हा तर माझ्या आजाराचा आवडता उद्योग. आता मी बटण बघायचो आणि वर 'ही चौथी की पाचवी?' हेही तपासायचो. दारातून मान वळवून नुसती नजर टाकली तर ती धरायची का? बटणाला हात न लावता पाहिलं तर अर्धी? फोनमध्ये बटणाचा फोटो काढून ठेवला आणि रिक्षात बसून तो बघितला, तर तो कोणत्या रकान्यात? रोज सकाळी ही घासाघीस. पुन्हा 'आजचा कोटा सहाचा आहे' म्हटल्यावर पाचव्यांदा मन निवांत झालं तरी सहावी वेळ फुकट का घालवा, म्हणून तीही वापरली जायची. आजार कमी करायला केलेला तक्ता आजारानेच चालवायला घेतला होता.

तुमच्या त्रासात मोजणीचा भाग नसेल तर कदाचित हे इतकं टोचणार नाही. पण दुसरी एक अडचण बहुतेकांना भेटते. सहा वेळा बघितल्यावर जी शांतता येते, ती सहा वेळा बघितल्यामुळे आली असंच मन धरून बसतं. 'न बघता निघालो आणि काही झालं नाही' हा अनुभव घ्यायची वेळच येत नाही. शिवाय तपासणं हे स्वतःच संशय वाढवतं. नेदरलँड्समधल्या फान डेन हाउट आणि किंट यांचा 2003 सालचा एक प्रयोग आहे. ओसीडी नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. कोणतं बटण शेवटी तपासलं हे त्यांना बरोबर सांगता येत होतं, पण ती आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा भरवसा घटला होता. धडधाकट माणसाचीही ही गत असेल तर सहा वेळा बघणाऱ्याला खात्री कुठून मिळणार?

आता शिडीची वाट. थेरपिस्ट मंडळी हिला ईआरपी म्हणतात. भीती वाटते त्या गोष्टीला मुद्दाम सामोरं जायचं आणि त्यानंतरची ठरावीक कृती करायची नाही, हे तिचे दोन भाग. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांपासून हिची गोष्ट सुरू होते. दोन्ही भाग लागतातच का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता, कारण मला त्यातला सोपा अर्धा हवा होता. एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये धुण्याचा त्रास असलेल्या रुग्णांवर हेच ताडून पाहिलं. नुसतं सामोरं जाण्याने भीती जास्त उतरली, नुसतं कृती थांबवण्याने कृती जास्त उतरली, आणि दोन्ही एकत्र केलेल्यांचं सर्वांत बरं झालं. तेव्हा अर्ध्यावर सवलत नाही.

माझी शिडी अशी होती. तळाला, घरात माणसं असताना शेगडी बंद करून मागे वळून न बघता स्वयंपाकघरातून बाहेर येणं. त्यावर, घरात मी शेवटचा असताना, पण शेगडी वापरलेली नसताना, कुलूप लावून जिना उतरणं. मग चहा करून, बटण बंद करून, लगेच बाहेर पडणं. अगदी वर, गावाला निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर एकदाच बंद करून एसटी पकडणं. 'एकदाच' हा शब्द लक्षात घ्या. बंद करणं बंद नाही, बेफिकीर व्हायचं नाही. चारचौघं करतात तेवढं करायचं आणि तिथे थांबायचं.

गोड काही सांगत नाही, पहिले काही दिवस वाईट जातात. जिन्यात पाय जड होतात, बसथांब्यावर पोहोचेपर्यंत डोक्यात इमारत जळून गेलेली असते. इथे मला एका जुन्या अभ्यासाचा आधार वाटला. रॅकमन, डी सिल्वा आणि रोपर यांनी 1976 मध्ये रुग्णांना कृती करू न देता नुसतं थांबायला लावलं आणि ती करण्याची ओढ किती वेळ टिकते ते पाहिलं. ओढ पहिल्या अर्ध्या तासातच बरीच उतरली आणि फार तर तीनेक तासांत विरली. माझा अनुभव थोडाफार असाच, म्हणजे कचेरीत पोहोचून डबा उघडेपर्यंत गॅस आठवेनासा व्हायचा. काही दिवशी आठवायचा, तरी घरी परतावंसं वाटायचं नाही. एवढं मला पुरे होतं.

या वाटेचा मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे नियमाचा कोरडेपणा. या पायरीवर शून्य. चौथी की पाचवी हा वाद नाही, नजर धरायची की नाही हा वाद नाही, फोटोही नाही. सकाळी ठरवायला काही उरतच नाही. ठरवायला उरलं नाही की आजाराला बोलायला जागा राहत नाही. कष्ट जास्त आहेत, हे मान्य. पण कटकट कमी आहे, आणि माझ्यापुरतं पारडं तिथे झुकलं.

दोन फटी मात्र बुजवाव्या लागतात. पहिली मनातली. मागे वळून पाहिलं नाही, पण जिन्यात उभं राहून 'मी उजवीकडे फिरवलं, टक आवाज आला' अशी उजळणी केली तर ती तपासणीच झाली. हे बाहेरून कोणाला दिसत नाही, म्हणून ते थेरपिस्टला स्वतःहून सांगावं लागतं. दुसरी फट घरच्यांची. मी बायकोला फोन करून 'गॅस बंद होता ना गं?' विचारायचो आणि ती प्रेमाने 'हो हो, होता' म्हणायची. शिडी सुरू झाल्यावर आमचं उत्तर ठरलं: "अहो, याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय." पहिल्यांदा मला राग आला, तिला वाईट वाटलं. पण तक्त्याच्या काळात ती माझी हिशेबनीस झाली होती, 'आज सात झाले हं' म्हणून टोकणारी. त्यापेक्षा हे बरं, असं तिचंही म्हणणं पडलं.

मधली एक वाट म्हणजे उशीर लावणं: बघावंसं वाटलं की आधी पाच मिनिटं थांबायचं, मग पंधरा. ही पद्धत मला वाईट वाटत नाही. वरच्या पायरीवर पाय डगमगला तर तेवढ्यापुरती कामाला येते. पण पंधराव्या मिनिटाला घड्याळ बघत उभं राहायचं आणि मग बघायला जायचंच, असं होऊ लागलं तर तो पुन्हा कोटाच झाला.

गोळ्यांचा पर्याय या दोहोंच्या विरुद्ध उभा करू नका, तो सोबतीचा आहे. फोआ यांच्याच गटाने 2005 मध्ये केलेल्या तुलनेत क्लोमिप्रामिन ही ओसीडीवरची गोळी घेणाऱ्यांपैकी 42 टक्क्यांना, ईआरपी घेणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांना आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांना ठळक फरक पडला. नकली गोळीवाल्यांत ते प्रमाण 8 टक्के होतं. ओसीडीसाठी गोळ्यांचा डोस बहुधा नैराश्यासाठी देतात त्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे जातात, तेव्हा महिन्याभरात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नका. 1988 च्या एका अभ्यासात बऱ्या झालेल्या 18 जणांचं क्लोमिप्रामिन काढलं, तर सात आठवड्यांत 16 जणांचा त्रास परत आला. माझी गोळी मी डॉक्टरांना विचारूनच सुरू ठेवली आहे, आणि तिने शिडीच्या तळाशी उभं राहण्याइतकं बळ दिलं, असं मला वाटतं.

सावकाशीची वाट कोणाला जास्त मानवेल? लहान मुलांना कदाचित, ज्यांना तक्ता आणि चांदण्या हा खेळ वाटतो. ज्याचा सगळा दिवसच कृतींत जातो आणि शिडीची खालची पायरीही हाताशी येत नाही, त्याला सुरुवातीपुरती. सोबत नैराश्य खोल असेल तर आधी त्याची काळजी घेतलेली बरी, त्यात शिडी चढवत नाही.

पूजा, सोवळं, जप यांत त्रास गुंतलेला असेल तर प्रश्न जरा नाजूक होतो. 'पूर्ण बंद' म्हटल्यावर माणूस हादरतो, देवपूजा कशी बंद करणार? करायची नसतेच. इथे शून्य असतं ते पुन्हा करण्याचं. अथर्वशीर्ष म्हणताना एक अक्षर अडखळलं तर मागे जायचं नाही, पुढे म्हणत राहायचं. स्वयंपाकाला बसताना सोवळ्याचा जो रिवाज घरातल्या बाकीच्यांचा, तोच आपला, त्यावर दुसरी अंघोळ नाही. घरातली श्रद्धाळू पण समंजस मोठी व्यक्ती किंवा ओळखीचे गुरुजी 'एवढं पुरे' म्हणतील ती रेघ धरावी. मात्र रेघ एकदाच विचारून घ्यायची. रोज विचारायला लागलात तर गुरुजीच नवीन बटण होतील. या प्रकारात 'एकशे आठचे शंभर करा' असा सावकाशीचा तक्ता मला तरी विचित्र वाटतो.

अडचण आहे ती माणसं मिळण्याची. बंगळुरूच्या निमहॅन्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे. मोठ्या शहरांत शोधलं तर ईआरपी शिकलेले सायकॉलॉजिस्ट सापडतात. तालुक्याच्या ठिकाणी गोळ्या देणारे भेटतात, शिडी चढवणारे क्वचितच. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. व्हिडिओ कॉलवरच्या सेशनबद्दल मी साशंक होतो, पण गॅसच्या त्रासाला ते उलट सोयीचं पडलं. शेगडी माझ्याच घरातली, कुलूप माझंच, आणि थेरपिस्ट फोनवर असताना मी जिना उतरलो. त्यांच्या खोलीत बसून हे झालं नसतं.

निवड करण्याआधी फोनवर एकच विचारा: "सेशनमध्ये आपण नेमकं काय करणार?" उत्तर फक्त मन शांत करण्याचे व्यायाम आणि गप्पा असं आलं, तर आभार मानून दुसरा क्रमांक फिरवा. तक्ता मिळाला, तर तो किती आठवडे चालणार आणि त्यानंतर शून्य कधी, हे विचारून घ्या. आणि 'पहिल्या एकदोन भेटींत तुमची यादी करू, मग तुमच्याच स्वयंपाकघरात काम सुरू करू' असं कोणी म्हणालं, तर पुढची वेळ तिथेच ठरवून टाका.