बीबीसी मायक्रोवर पायट्यूबडायरेक्ट: वेग बाजूला ठेवा, मेमरी बघा

बीबीसी मायक्रो हा एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचा १९८० च्या दशकातला संगणक. तो उलटा केला की खालच्या बाजूला ४० पिनांचा एक जोड दिसतो, त्याचे नाव ट्यूब. एकॉर्नने तो दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठीच ठेवला होता. त्यांच्या जोडपेट्यांमध्ये ३ मेगाहर्ट्झचा ६५०२, सीपी/एम ही जुनी कार्यप्रणाली चालवणारा ६ मेगाहर्ट्झचा झेड८०, पुढे ३२०१६ असे पर्याय होते. १९८५ साली पहिली एआरएम चिपही ट्यूबवरच चालवून बघितली गेली. त्या मूळ पेट्या आता मिळाल्या तरी परवडत नाहीत. पायट्यूबडायरेक्ट हे त्यांच्या जागी बसणारे आजचे साधन. रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला संगणक (पुढे नुसता पाय) आणि एक छोटा बोर्ड मिळून यातले जवळपास सगळे प्रोसेसर सॉफ्टवेअरमधून उभे करतात.

शाळांत संगणक नेणाऱ्या १९८४ च्या क्लास प्रकल्पातून ही मशीने आपल्याकडच्या शाळांत आली. गोव्यात असे एखादे मशीन माळ्यावरून खाली काढले असेल, तर बोर्ड मागवण्याआधी पॉवर सप्लाय उघडा. आत मेन्सवर बसवलेले पिवळसर, पारदर्शक आवरणाचे दोन एक्स२ कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. आवरणाला तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि मग धूर व वास. आपल्या पावसाळ्यात हे व्हायचेच. दोन्ही बदला, तेही एक्स२ वर्गाचेच घ्या. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे साधे कपॅसिटर मेन्सवर चालत नाहीत. नंतर मल्टिमीटरने ५ व्होल्ट तपासा. पायला वीज ट्यूबमधूनच मिळते, त्यामुळे ४.९ च्या खाली आकडा गेला तर दोष बोर्डाला देऊ नका.

बोर्डाचे मुख्य काम व्होल्टेज जुळवणे. मायक्रो ५ व्होल्टवर बोलतो, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सहन करत नाहीत. कोणी म्हणेल थेट तारा जोडून बघू, तर त्याचा पाय तेवढ्यावरच संपतो. बोर्ड लावताना मशीन बंद हवे आणि पिनांची एक ओळसुद्धा सरकलेली नसावी. ट्यूबच्या पिना खाऱ्या हवेने काळपटलेल्या असतात. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन त्या आधी पुसून काढा. सुरुवातीच्या अक्षरांत कचरा दिसणे किंवा मध्येच लटकणे यामागे बहुतेक वेळा मळका संपर्क असतो. मदरबोर्डवरच्या सॉकेटांतल्या चिपाही एकदा उचलून परत बसवा.

मायक्रोएसडी कार्ड फॅट३२ हवे. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे एक्सफॅट करून येतात, पाय त्यांच्यावरून सुरू होत नाही. पायट्यूबडायरेक्टच्या फाइली थेट कार्डावर टाकायच्या, कुठल्या फोल्डरात नव्हे.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडतात ती जागा. मॉडेल बी या मायक्रोच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये ट्यूब चालवणारा कोड मूळ रॉममध्ये नाही, तो डिस्क व नेटवर्क सांभाळणाऱ्या डीएनएफएस या वेगळ्या रॉम चिपमध्ये येतो. फक्त डिस्क सांभाळणारा जुना डीएफएस ०.९ रॉम बसवलेला असेल तर बोर्ड कितीही चांगला असो, मशीन त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. डीएनएफएस बसवा, कंट्रोल-ब्रेक दाबा; पडद्यावर ट्यूब आणि ६४के दिसले की जोडणी झाली. प्रोसेसर बदलायला *एफएक्स १५१,२३०, ही आज्ञा लिहा, पुढे प्रोसेसरचा क्रमांक आणि परत कंट्रोल-ब्रेक. ० वर वेगवान ६५०२, ४ वर झेड८०, ८ वर ८०२८६, १५ वर पायचा स्वतःचा एआरएम.

वेगाचे आकडे ऐकून लोक हुरळतात. मॅंडेलब्रॉट नक्षी काढण्यासारखी गणिते खरोखर पळतात, पण पडद्यावर रेघ ओढायचे काम अजूनही मायक्रोचा २ मेगाहर्ट्झचा ६५०२ करतो, आणि डिस्क आहे तेवढीच संथ. खरा लाभ मेमरीचा. डीएफएस असलेल्या मॉडेल बीवर मोड ० या ८० रकान्यांच्या पडद्यात बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅमला ५,८८८ बाइट उरतात. इतक्यात ८० रकान्यांत काय लिहिणार? ट्यूबवर तेच ३०,७२० होतात आणि हायबेसिक ही दुसऱ्या प्रोसेसरसाठीची बेसिक घातली तर ४५,०५६, मोड कोणताही असो. व्ह्यू हा लेखनाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना त्याच्या ट्यूबसाठीच्या हायव्ह्यू आवृत्तीवर हाच फरक जाणवेल.

खेळांसाठी मात्र हे घेऊ नका. बरेचसे खेळ पडद्याच्या मेमरीत थेट लिहितात. ट्यूब चालू असताना ते लिखाण दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरीत जाते आणि पडदा कोराच. ईलाइट या अंतराळ-खेळाची ट्यूबसाठी बनवलेली आवृत्ती हा सुखद अपवाद. बाकीच्यांसाठी ट्यूब बंद करावी लागते.

हा बोर्ड गोव्यातल्या दुकानांत मिळेल अशी आशा नको. तो ब्रिटनमधल्या हौशी विक्रेत्यांकडून येतो आणि टपालात सीमाशुल्क वेगळे लागते. पिना आधीच जोडलेला पाय झीरो घेतला तर सोल्डरिंग वाचते. जून ते चवथ या दिवसांत मशीन झाकून महिनोन्महिने ठेवण्यापेक्षा मधूनमधून तासभर चालू ठेवलेले बरे.

मास्टर १२८ हे मायक्रोनंतरचे मॉडेल असेल तर डीएनएफएसची कटकट नाही. *कॉन्फिगर ट्यूब, बाहेरच्या जोडासाठी *कॉन्फिगर एक्सट्यूब आणि कंट्रोल-ब्रेक. दर वेळी हे विसरले जात असेल तर आतली बॅटरी संपली आहे. ती पाझरून मदरबोर्ड खाण्याआधी काढून टाका.