दंडावरचं बीपी मशीन: दोन वर्षं वापरल्यानंतर

तीस वर्षं दुसऱ्यांचं बीपी मोजण्यात गेली, स्वतःचं शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी राऊंड संपवून खुर्चीत टेकलो, तर वॉर्डातल्या सिस्टरने "सर, चेहरा उतरलाय तुमचा" म्हणत पट्टा बांधला. वरचं १६८. मी म्हणालो, "जिने चढून आलोय ना, म्हणून." ही सबब मी पेशंटांकडून इतक्यांदा ऐकली आहे की माझ्या तोंडून ऐकल्यावर तिला हसू आवरेना. त्याच आठवड्यात हे घरगुती डिजिटल मशीन घेतलं.

मनगटावरचं मुद्दाम टाळलं. मनगट हृदयाच्या पातळीपेक्षा जरा खाली-वर झालं की आकडा बदलतो. हे दंडाला बांधायचं, बटण एकच, आकडे चष्म्याशिवाय दिसतील एवढे. स्टेथोस्कोपने आम्ही जे आवाज ऐकतो ते हे ऐकत नाही. पट्ट्यातली हवा उतरताना धमनीच्या ठोक्यांनी दाबात जी बारीक थरथर होते, तिच्यावरून हिशेब करून आकडा काढतं. त्यामुळे ठोके अनियमित असणाऱ्यांनी एका रीडिंगवर विसंबू नये.

तक्रार पट्ट्याची. डब्यातला पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. माझा दंड ३४. चार दिवस तोच ओढूनताणून बांधला आणि आकडे बघून झोप उडवून घेतली. मोठा पट्टा वेगळा मागवला तेव्हा सरासरी सहाने उतरली. लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो, बरं का! घेण्याआधी दंडाला टेप लावा. नळीही आखूड आहे, मशीन अगदी कोपराशी ठेवावं लागतं.

आता माहितीपत्रकातल्या सूचना. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. लघवीला जाऊन यायचं. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं, आणि मोजून होईपर्यंत बोलायचं नाही. यातलं एकही कलम मी ओपीडीत धड पाळलेलं नाही. पेशंट आत आला की बाही वर, आणि पट्टा फुगताफुगता मीच त्याला प्रश्न विचारणार. बोलण्याने बीपी चढतं, हे तेव्हाही माहीत होतंच.

पाच मिनिटं बसणं मला जमेना. पहिल्या दिवशी फोन हातात घेतला, दुसऱ्या दिवशी तपासणीचे रिपोर्ट. तिसऱ्या दिवशी बायकोने दोन्ही उचलून आत नेले आणि समोर बसून बोलू लागली. मला उत्तर द्यायची बंदी. एरवी मी अर्धं ऐकून "बर्फाने शेक, बरं वाटेल" म्हणून मोकळा होतो. त्या दिवशी पूर्ण ऐकलं. जिना उतरताना तिचा उजवा गुडघा दुखत होता, महिनाभर. म्हणाली, "तीनदा सांगितलंय तुला." मशीनने १४८ दाखवलं. त्यातला काही वाटा त्या वाक्याचा असणार. दुसऱ्याच दिवशी गुडघा नीट तपासला. निदान सोपं होतं, उशीर माझा होता.

सकाळ-संध्याकाळ, एका मिनिटाच्या अंतराने दोन-दोन रीडिंग, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर डॉक्टरकडे जायचं. दवाखान्यातली रेघ १४०/९० असते, घरची थोडी खाली. माझी १४४/८८ आली. मी फिजिशियन असूनही दुसऱ्या फिजिशियनकडे गेलो आणि मुकाट्याने गोळी सुरू केली. ओपीडीतही आता दारात आल्याआल्या पट्टा बांधत नाही. डोस वाढवण्याआधी घरचे आकडे मागतो, कारण डॉक्टर समोर दिसला की काहींचं बीपी उगाच चढतं.

चार तारे. एक पट्ट्यासाठी कापला. दिवसातून दहादा मोजून आकड्यांची धास्ती घेणाऱ्यांनी मात्र घेऊ नका, त्यांना हे मशीन आजारी पाडेल. आणि वर्षातून एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघा. मी माझं त्याच सिस्टरकडे नेतो. ती घड्याळ लावून पाच मिनिटं बसवते आणि मी तोंड उघडलं की पुन्हा पहिल्यापासून मोजते.