कोकण किनाऱ्यावर पाच रात्री : दोन माणसांच्या तंबूचा अनुभव

दुकानदाराने हा तंबू उघडून दाखवताना ‘हिमालयातसुद्धा चालतो’ असे मोठ्या अभिमानाने सांगितले होते आणि ते खरेही असेल, पण मला तो हिमालयात न्यायचा नव्हता. डिसेंबरात पुण्याहून एकटीने गाडी घेऊन निघायचे, ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर गाठायचे आणि पुढे सावित्री, वाशिष्ठी व शास्त्री या तीन नद्यांच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळ्याच्या अलीकडे मालगुंडपर्यंत जायचे, असा बेत होता. मुक्काम तंबूत आणि दिवसाचे दोन-तीन तास किनाऱ्याने पायी. या पाच रात्रींत तंबूने काय दिले आणि काय दिले नाही, ते येथे लिहीत आहे.

तंबू दोन माणसांचा, दुहेरी थराचा आहे : आत जाळीचे कापड, त्यावर पाणी न झिरपणारे आवरण. वजन सुमारे अडीच किलो, किंमत ५,८०० रुपये. ‘दोन माणसांचा’ हे कागदावरच खरे मानावे. एक माणूस, एक पिशवी, पाण्याची बाटली आणि चप्पल एवढ्यांचा संसार त्यात सुखाने मावतो, दुसरा माणूस आला की कोणाला तरी कुशीवर झोपावे लागेल. एकटीला उभारायला पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटे लागली, चौथ्या दिवशी दहा. दारापुढे आवरणाचा जो भाग पुढे येतो, तो घराच्या पडवीसारखा फार उपयोगी पडला. किनाऱ्यावरून चालून आल्यावर वाळूने भरलेले बूट तेथेच राहतात आणि अंथरूण स्वच्छ राहते. या एका सोयीसाठी मी इतर दोन दोष माफ करायला तयार आहे.

माफ न करण्यासारखा दोष खुंट्यांचा. सोबत आलेल्या खुंट्या सळईसारख्या बारीक आणि वीतभर लांब आहेत. डोंगरातल्या घट्ट मातीत त्या बसत असतील, पण वाळूत त्या लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच बाहेर येतात. हरिहरेश्वरला सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत तंबू ठोकून पाहिला, तर संध्याकाळच्या वाऱ्याने अर्ध्या तासात दोन कोपरे उचलले. शेवटी भाजीच्या चार कापडी पिशव्या वाळूने भरल्या, दोऱ्या त्यांना बांधल्या आणि हातभर खड्ड्यात आडव्या पुरल्या, तेव्हा तंबू जागेवर राहिला. पुढे मालगुंडला कातळाच्या जमिनीत त्याच खुंट्यांपैकी तीन वाकल्या. परतल्यावर कंपनीला पत्र पाठवले, अकरा दिवसांनी उत्तर आले की खुंट्या हमीत येत नाहीत. जी वस्तू पाच दिवसांत वाकते तीच नेमकी हमीतून वगळण्याचे चातुर्य कौतुकास्पद आहे.

दुसरी गोष्ट दवाची. पहिल्या रात्री समुद्र दिसावा या हौसेने मी दार पश्चिमेला ठेवले होते. दिवसभर समुद्राकडून येणारे खारे वारे छान आत येत होते, पण शाळेत पाठ केलेले मतलई वारे मी विसरले होते. मध्यरात्रीनंतर हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागली आणि ती अडवली तंबूच्या पाठीने, जेथे आवरण जमिनीला टेकलेले आहे आणि झरोका एकही नाही. आत हवा खेळेना, निरभ्र आकाशाखाली आवरण गार पडले, श्वासातील आणि समुद्रावरच्या हवेतील बाष्प त्यावर साचले आणि पहाटे चारला कपाळावर थेंब पडून मला जाग आली. पाऊस आला असे वाटून बाहेर पाहिले, तर सप्तमीचा चंद्र केव्हाच मावळला होता आणि आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता. दुसऱ्या रात्रीपासून दार पूर्वेला केले आणि आवरणाचा खालचा काठ पाठीमागे छोट्या दगडांवर टेकवून चार बोटे उचलून ठेवला. ओल निम्म्याने कमी झाली, समुद्र मात्र पाठीमागे गेला. तंबूला पाठीकडे एक झरोका दिला असता तर हे दोन्ही साधले असते.

जागेविषयीही सांगायला हवे, कारण तंबू चांगला की वाईट हे अर्धे तो कोठे ठोकला यावर ठरते. हरिहरेश्वरनंतर मी उघड्या किनाऱ्यावर झोपले नाही. आंजर्ल्याच्या आणि वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात, आणि त्यांची पिल्ले उजेडाच्या दिशेने सरपटतात. तेथे रात्री कंदील लावून बसणे योग्य नाही. त्यामुळे आंजर्ले, गुहागर आणि मालगुंडला घरमालकांना विचारून त्यांच्या वाडीत किंवा आवारात मुक्काम केला, आणि एकट्या बाईसाठी हेच सोयीचेही ठरले : नळ, संडास आणि हाकेच्या अंतरावर माणसे. गुहागरच्या वाडीत मी सावली पाहून जागा निवडली, तर मालक म्हणाले, ‘‘ताई, माडाच्या बुडात झोपू नका, नारळ काय सांगून पडतो?’’ तंबू मुकाट्याने पोफळींच्या पलीकडे, मोकळ्यावर हलवला. तंबूसोबत आलेल्या माहितीपत्रकात हिमवादळाचा इशारा आहे, माडाचा नाही.

चालण्यासाठी मी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिले नाही, तिथीवर काम चालवले. तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे भरतीची वेळ, असा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे : सप्तमीला सव्वापाचच्या सुमारास भरती, म्हणून साधारण साडेअकराला ओहोटी. त्या हिशेबाने हरिहरेश्वरच्या डोंगराची प्रदक्षिणा केली, कारण तेथील वाट खाली लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाते आणि भरतीला ती बंद होते. गुहागरला दशमीची भरती सकाळी साडेसातला होती, त्यामुळे पहाटेच्या फिरण्यात पाय रुपणाऱ्या कोरड्या वाळूतून जावे लागले आणि मजा आली नाही. तोच किनारा दुपारी ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवरून रस्त्यासारखा चालता आला. एक दुपार हेदवीच्या बामणघळीसाठी ठेवली होती, परंतु तेथे नेमकी भरती हवी असते, कारण घळीत शिरलेले पाणी तेव्हाच उंच उसळते. ओहोटीला जाऊन मी फक्त खडकातील चीर पाहून आले.

आता पुन्हा तंबूकडे. कापड आणि शिवण उत्तम आहे, पाच रात्रींत एक टाकाही उसवला नाही. दांडे फायबरग्लासचे असून वाऱ्यात वाकून पुन्हा सरळ होतात. पिशवी मात्र इतकी घट्ट आहे की सकाळी ओला तंबू तिच्यात परत कोंबताना दुकानातील घडी घालणाऱ्या माणसाविषयी आदर वाटू लागतो. तिसऱ्या दिवसापासून मी तो तसाच डिकीत पसरून नेला आणि त्यामुळे तो वाळतही गेला.

सह्याद्रीत किंवा पठारावर हिवाळ्यात झोपणाऱ्यांनी हा तंबू या किमतीला जरूर घ्यावा. किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी वाळूसाठी रुंद पात्याच्या खुंट्या वेगळ्या घ्याव्यात, त्याला सातशे-आठशे रुपये अधिक धरावेत, आणि घरी आल्यावर सगळा तंबू गोड्या पाण्याने धुवावा. मी हे चार दिवस उशिरा केले. दाराच्या दोन चेनपैकी खालची मिठाने अडकू लागली होती. तिच्या दातांवर मेणबत्ती घासल्यावर ती आता चालते, पण शेवटच्या वितीला अजून दोन्ही हात लावावे लागतात.